टांकसाळीतली चूक आणि बाहेरची इजा

शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति' असते, असे पुस्तकात वाचलेले असते. हातात आलेल्या तांब्याच्या तुकड्यावर मात्र ही सगळी अक्षरे क्वचितच सापडतात. कुठे 'श्री' अर्धी कापलेली, कुठे शेवटचे अक्षर कडेबाहेर गेलेले, ठिपक्यांचे वर्तुळ एका अंगाला उमटलेले आणि दुसऱ्या अंगाला नुसते तांबे. तरीही कोणी जाणता संग्राहक तिला चुकीचे नाणे म्हणत नाही. आता १९९५ चा स्टीलचा एक रुपया घ्या आणि त्यावरचा ठसा तसाच बाजूला सरकला आहे अशी कल्पना करा. त्या रुपयासाठी लोक लिलावात बोली लावतील. दोन्ही नाण्यांवर दिसणारा दोष एकच, मग एक साधे आणि दुसरे दुर्मीळ का? शिवराई हाताने घणाखाली पाडली जाई आणि तिची डाय, म्हणजे ठसा उठवणारा साचा, चकतीपेक्षा मोठी असे. सगळा मजकूर प्रत्येक नाण्यावर बसावा अशी त्या पद्धतीची अपेक्षाच नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये सगळ्या इलाख्यांसाठी एकाच नमुन्याचा, यंत्रावर पाडलेला रुपया आणला आणि मुंबईच्या १८२९ पासूनच्या टांकसाळीसह साऱ्या टांकसाळींवर एक नवी जबाबदारी आली: प्रत्येक नाणे मागच्या नाण्यासारखेच निघाले पाहिजे. ही हमी दिली गेल्यावरच ती मोडण्याला अर्थ आला. नाणे नुसते पाहून त्यात चूक आहे की नाही हे ठरत नाही. ते कोणत्या पद्धतीने पाडले गेले आणि त्या पद्धतीत काय अपेक्षित होते, यावर ते ठरते.

या पुस्तकाचा विषय मांडताना हे आधी सांगावे लागते, कारण नवखा संग्राहक बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो. त्याला एरर नाण्यांची चित्रे हवी असतात आणि चित्रांशेजारी किमती हव्या असतात. त्याचा पहिला प्रश्न असतो, 'हे कितीला जाईल?' माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: टांकसाळीतल्या कोणत्या टप्प्यावर असे घडू शकते? या प्रश्नाला नेमके उत्तर देता आले तर नाणे एरर आहे असे म्हणता येते. टप्पाच सापडत नसेल, तर नाण्याला जे काही झाले ते टांकसाळीचे दार ओलांडल्यावर झाले, आणि ती निव्वळ इजा आहे, मग ती कितीही चमत्कारिक दिसो.

टप्पे फार नाहीत. धातूचा लांब पट्टा ठरलेल्या जाडीचा होईपर्यंत लाटला जातो. त्यातून गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ केल्या जातात आणि धुतल्या जातात. मग चकतीची कड दाबून किंचित उचलली जाते, म्हणजे ठोका बसताना कडा नीट भरते. शेवटी प्रेसमध्ये खाली एक डाय, वर दुसरी आणि भोवती कॉलर, आणि या तिघींमध्ये एका ठोक्यात नाणे तयार होते. कॉलर धातूला बाहेर पसरू देत नाही आणि कडेवरच्या रेघाही तिच्यामुळेच उमटतात. आजचे प्रेस मिनिटाला कित्येकशे नाणी पाडतात, आणि सगळ्या चुका या ओळीतच कुठेतरी घडतात. चकती बिघडली, डाय बिघडली किंवा ठोका बिघडला, असे तीन भाग जगभरचे अभ्यासक करतात. नवख्याने यादी पाठ करायचीच असेल, तर या तीन नावांची करावी. बाकीचे प्रकार त्यांतून आपोआप निघतात.

या रीतीने पाहणे किती कामाचे आहे, हे अगदी पहिल्या कसोटीवरूनच दिसते. नाण्यावर एक आडवीतिडवी रेघ आहे. ती डायला गेलेला तडा आहे की नंतर कोणी काढलेला ओरखडा? डाय तडकली की फटीत धातू शिरतो, म्हणून तड्याची रेघ नाण्यावर उंचावलेली असते. ओरखडा धातू खोदतो, म्हणून तो खोल असतो. पाच-दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि तिरका उजेड एवढ्यावर हा निवाडा होतो. स्टेनलेस स्टीलच्या नाण्यांवर असे तडे वारंवार भेटतात, कारण कठीण धातूवर डाय लवकर थकते. ग्रीस आणि धूळ डायच्या खाचेत साचली की त्या जागेचे अक्षर किंवा आकडा नाण्यावर पुसट येतो किंवा येतच नाही. हेही खरे एरर आहे, पण फार सर्रास. 'रुपया'तला 'रु' हरवला म्हणून कोणी मोठी किंमत मागत असेल, तर ती देण्याचे कारण नाही.

कापलेल्या नाण्याचे उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण फसवणूकही इथे पुष्कळ होते. पट्टा पुढे सरकायला उशीर झाला की कापणारा ठोकळा आधीच्या भोकावर अर्धवट पडतो, आणि चकतीतून चंद्रकोरीएवढा भाग कमी येतो. कानस घेऊन असा अर्धचंद्र कोणालाही घरी करता येतो. मग खरे कसे ओळखायचे? नजर कापलेल्या भागाकडे जाते, पण साक्ष समोरच्या कडेकडे असते. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन्ही बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल, तर त्याच क्षणी समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. म्हणून खऱ्या नाण्यावर तुटलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड पुसट किंवा बसकी असते. इंग्रजीत याला 'ब्लेकस्ली इफेक्ट' म्हणतात. शिवाय ठोका बसताना धातू मोकळ्या जागेकडे वाहतो, म्हणून तुटलेल्या भागाजवळची अक्षरे ओढल्यासारखी पातळ होतात. कानशीने कापलेल्या नाण्यावर अक्षर मध्येच तोडल्यासारखे थांबते आणि समोरची कड धडधाकट असते. समोरची कड नेहमीच स्पष्ट बोलते असे नाही, हे मान्य. पण ती धडधाकट असेल, तर खरेदी लांबणीवर टाकायला तेवढे पुरे.

हाच विचार 'लखी' नाण्याला लावला की तो अधिक धारदार होतो. एखादे नाणे वरच्या किंवा खालच्या डायला चिकटून राहते आणि पुढची कोरी चकती त्याच्यावरच ठोकली जाते. मग त्या चकतीच्या एका बाजूला नेहमीचा ठसा उठतो आणि दुसऱ्या बाजूला तोच ठसा उलटा आणि खोल, आरशात दिसावा तसा. इंग्रजीत याला ब्रॉकेज म्हणतात. आपल्याकडच्या नाणेबाजारात त्याचे नाव लखी. रोमन दीनारांवरही असे प्रकार सापडतात, म्हणजे घणाच्या काळापासून ही चूक चालत आली आहे, आणि हाताने पाडलेल्या नाण्यातही तिला चूकच म्हणावे लागते. बनावट लखी दोन नाणी शिकंज्यात घट्ट आवळून तयार होते. तिच्यावरही उलटा खोल ठसा दिसतो, पण तो आधीच्या ठशाच्या अंगावर चढलेला असतो, आणि दोन्ही चित्रांचे अवशेष एकमेकांत मिसळलेले दिसतात. खऱ्या लखीची चकती ठोका बसेपर्यंत कोरीच होती. म्हणून खोल ठशाखाली दुसरे काही असूच शकत नाही, आणि दुसरी बाजू चेपलेली नसते. चिकटलेले नाणे बराच वेळ डायवर राहिले, तर ते प्रत्येक ठोक्याला पसरत जाते आणि पुढच्या नाण्यांवरचे उलटे चित्र मोठे व अस्पष्ट होत जाते. हे समजले की अस्पष्ट लखी पाहून लगेच शंका घेण्याचे कारण उरत नाही. ती त्याच प्रसंगातली, फक्त नंतरची.

यावर कोणी म्हणेल, एवढा कारखाना समजून घेण्यापेक्षा चांगले फोटो असलेला कॅटलॉग पुरेसा नाही का? डोळा तयार झाला की झाले. डोळ्याचे महत्त्व मी नाकारत नाही, पण फोटो फक्त साम्य दाखवतो आणि साम्यानेच नवखा फसतो. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १९५५ मध्ये पाडलेला एक अमेरिकन सेंट जगातल्या सर्वांत प्रसिद्ध एररपैकी आहे. त्याच्या दर्शनी बाजूवरची सर्व अक्षरे आणि सालही ठळकपणे दुहेरी दिसते. डाय तयार करताना तिच्यावर मूळ नमुना एकाहून अधिक वेळा दाबावा लागे, आणि दोन दाबांच्या मध्ये ती किंचित फिरली. म्हणजे दोष डायमध्येच होता आणि त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर तो तंतोतंत सारखा उतरला. त्याच वर्षीचे दुसरेही सेंट मिळतात, ज्यांच्या सालातला शेवटचा पाचच दुहेरी वाटतो. ती झिजलेल्या डायची करामत आहे. अमेरिकन संग्राहक त्यांना थट्टेने 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात आणि ते जवळजवळ सेंटच्याच मोलाचे असतात. फोटोत हे दोन्ही दुहेरीच. फरक कळतो तो दुहेरीपणा कुठून आला हे विचारल्यावर. तिसरा प्रकार याहून साधा: ठोका बसल्यानंतर डाय किंचित हलली, तर अक्षराच्या कडेला एक सपाट पायरी तयार होते. चलनातल्या नाण्यांवर ती अनेकदा दिसते आणि नवखा तिलाच डबल डाय समजून बसतो.

आपल्याकडचे उदाहरण दहा रुपयांच्या नाण्याचे. काही नाण्यांवर दहा किरण आणि रुपयाचे चिन्ह, काहींवर पंधरा किरण आणि चिन्ह नाही. यावरून एवढा गोंधळ झाला की दुकानदार नाणी घेईनात. अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहा रुपयांची चौदा डिझाइन्स काढली गेली आहेत आणि सगळी कायदेशीर चलनात आहेत. लोकांचे निरीक्षण चूक नव्हते. किरणांची संख्या खरोखरच वेगळी होती. पण वेगळेपणाचा उगम डिझाइन बदलण्याच्या निर्णयात होता, कोणत्याही यंत्राच्या बिघाडात नव्हता. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपयाही याच जातीचा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, त्यावर गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारला गेला. तो रुपया दुर्मीळ आहे, मोलाचा आहे, पण टांकसाळीने त्यात काहीही चुकवले नव्हते. दिलेले चित्र तिने हुबेहूब उठवले.

चुकीच्या चकतीवर पाडलेल्या नाण्यांची गोष्ट वजनाशिवाय सांगताच येत नाही, आणि इथे तर डोळा जवळजवळ निकामी ठरतो. २०११ मध्ये आलेले दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८५ ग्रॅमचे होते. १९९२ नंतरच्या स्टीलच्या एक रुपयाचेही माप नेमके हेच होते. तसेच २०११ चा एक रुपया २२ मिलिमीटरचा आणि ३.७९ ग्रॅमचा, म्हणजे १९८८ नंतरच्या स्टीलच्या पन्नास पैशांएवढाच. तेव्हा 'दोन रुपये, एक रुपयाच्या चकतीवर' असे कोणी सांगितले, की कोणत्या एक रुपयाच्या, हे विचारलेच पाहिजे. जुन्या रुपयाची चकती असेल तर फरक सिद्ध करायला काही उरतच नाही. नव्या रुपयाची असेल तर वजन सुमारे एक ग्रॅमने कमी भरेल आणि लहान चकती मोठ्या कॉलरमध्ये सैल राहिल्याने कडेची अक्षरे कापली जातील. पाच रुपयांच्या बाबतीत उलटा सापळा आहे. २३ मिलिमीटरचे कप्रो-निकेलचे जाड नाणे नऊ ग्रॅमचे होते. २००७ पासून स्टीलचे आणि नंतर निकेल-ब्रासचे आले ते सहा ग्रॅमचे, व्यास तोच. हलके आहे म्हणून आनंदून जाण्यापूर्वी लोहचुंबक लावावा: आपले स्टील त्याला चिकटते, कप्रो-निकेल चिकटत नाही. तेव्हा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा हे भिंगाइतकेच गरजेचे साधन आहे. लिलावाच्या कॅटलॉगपेक्षा आधी घ्यावा तो हा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टांकसाळी बंद दाराआड चालतात, आत काय घडले हे आपण पाहिलेले नाही. मग 'हे अमुक टप्प्यावर घडले' हा अंदाजच नव्हे का? शिवाय बनावट करणाऱ्यालाही टप्पे ठाऊक असतात. या शंकेत तथ्य आहे, पण तिचे उत्तर नाण्यांतच मिळते. डायमधला दोष एकट्या नाण्यावर येत नाही. ती डाय काढून टाकेपर्यंत पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो त्याच जागी, त्याच आकारात येतो, आणि तडा असेल तर वाढत जातो. म्हणून एकाच डायची चार नाणी शेजारी ठेवली की त्या तड्याची वाढ क्रमाने लावता येते. हा अंदाज नाही, तपासता येईल असा पुरावा आहे. डेन्व्हरच्या टांकसाळीत १९३७ मध्ये पाडलेला तीन पायांचा 'बफेलो निकेल' याच पुराव्यावर टिकून आहे. डायवरचे डाग घालवण्यासाठी ती इतकी घासली गेली की रेड्याचा पुढचा एक पाय गायब झाला. चौथा पाय खरवडून असे नाणे बनवणे सोपे, आणि तशी बनावट नाणी भरपूर आहेत. पण त्या घासलेल्या डायने पाय घालवताना दुसऱ्या खुणाही ठेवल्या, रेड्याच्या पोटाखालून जमिनीकडे जाणारी बारीक उंच ठिपक्यांची ओळ त्यांपैकी एक. पाय खरवडणाऱ्याला धातू काढता येतो, पण ते ठिपके उमटवता येत नाहीत. चकतीची किंवा ठोक्याची चूक मात्र एकट्यानेच येते. तिला साक्षीदार नसतो. म्हणून तिथे संशय जास्त ठेवावा आणि धातू कुठून कुठे वाहिला याच्या खुणा तपासाव्यात. दोन्ही प्रकारांना एकाच मापाने मोजणे ही बाजारातल्या अनेक भांडणांचे मूळ आहे.

तिसरा आक्षेप नाणकशास्त्राच्या जुन्या शिस्तीतून येतो. सातवाहनांची, शिलाहारांची, मराठ्यांची नाणी इतिहास सांगतात, मग कारखान्यातल्या गफलतींचा संग्रह करण्यात काय हशील? खरे सांगायचे तर या छंदाने स्वतःची बदनामी स्वतःच ओढवून घेतली आहे. जुने नाणे लाखांत विकत घेऊ असे सांगून आधी 'शुल्क' उकळणारे इतके वाढले की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपले नाव वापरणाऱ्या अशा जाहिरातींपासून सावध राहण्याची सूचना काढली. पण किमतीची हाव वजा केली तरी काहीतरी उरते. ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याचे नवे डिझाइन आले, तेव्हा साल मागच्या बाजूवरून राणीच्या बाजूवर हलवले गेले. काही नाण्यांना राणीची जुनी डाय आणि मागची नवी डाय लागली, आणि साल कोणत्याच बाजूला नसलेली नाणी बाजारात गेली. या एका चुकीतून कळते की बदलाच्या काळात जुन्या आणि नव्या डाय एकाच वेळी कामाच्या जागी होत्या, आणि कोणती जोडी बसवायची हे माणसाच्या हातावर सोपवलेले होते. अधिकृत अहवाल अशी माहिती सहसा देत नाहीत. साधे नाणे राज्याने काय ठरवले ते सांगते. चुकलेले नाणे ते कसे अमलात आले ते दाखवते. मला हे पुरेसे इतिहासाचे वाटते, मात्र संग्राहक ते वाचत असेल तरच. नुसते विचित्र म्हणून जपले, तर जुन्या शिस्तीची तक्रार बरोबर आहे.

आपल्याकडे इजा झालेल्या नाण्यांचे प्रकार खास आहेत आणि त्यांची ओळख नवख्याला एररइतकीच हवी. दागिन्यासाठी भोक पाडून मग बुजवलेले चांदीचे रुपये, नदीत टाकलेली आणि वाळूने घासून निघालेली नाणी, हळदीकुंकू आणि तेलाचा थर चढलेली, रुळावर ठेवून चपटी केलेली. यांत सर्वांत फसवे आम्लात बुडवलेले नाणे. ते सगळीकडून सारखे पातळ होते, वजन कमी भरते, अक्षरे बारीक दिसतात आणि विक्रेता 'पातळ चकती' म्हणून ते पुढे करतो. पण चकती मुळातच पातळ असती, तर ठोक्याला धातू कमी पडून ठशाचे उंच भाग भरलेच नसते. आम्लाने मात्र उंच-सखल सगळेच सारखे खाल्लेले असते आणि पृष्ठभागावर बारीक खळगे राहतात. दोन धातूंच्या दहा रुपयांत आतला भाग काढून उलटा बसवण्याचा उद्योगही चालतो. नाणे नष्ट करणे २०११ च्या नाणे अधिनियमाखाली गुन्हा आहे, हे अशा कारागिरांना कोणी सांगत नसावे.

एका देशाचा नियम दुसऱ्या देशाला लावू नये, हेही सांगायला हवे. प्रजासत्ताकाची नाणी वरच्या आणि खालच्या टोकाला धरून फिरवली की मागची बाजू सरळ येते. अमेरिकन नाण्यांची उलटी येते आणि तिथे तेच योग्य. अमेरिकन पुस्तकावरून 'फिरलेली डाय' शोधू लागलेल्याला घरातले प्रत्येक नाणे एरर वाटेल. टांकसाळींच्या खुणांचेही तसेच. सालाखाली मुंबईचा चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नाही. कोलकात्याच्या नाण्याला 'खूण गळालेले' म्हणून विकणारे आहेत, आणि १९८५ च्या रुपयावरचे बर्मिंगहॅमचे 'एच' पाहून चक्रावणारेही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम म्हणूनच टांकसाळीच्या क्रमाने लावला आहे: आधी चकती, मग डाय, मग ठोका, आणि शेवटी टांकसाळीबाहेरच्या इजा. वाचकाने एकच नाणे निवडावे, समजा १९९२ ते २००४ चा स्टीलचा रुपया, आणि त्याची साधी, निर्दोष नाणी आधी जमवावीत. चार टांकसाळींची, वेगवेगळ्या सालांची. प्रत्येकाचे वजन, व्यास, बाजूंची दिशा आणि कडेच्या रेघा लिहून ठेवाव्यात. त्यानंतरच वेगळे दिसणारे नाणे हाताळावे, आणि तेही न धुता. साबणाने किंवा चिंचेने उजळलेल्या नाण्यावरून धातूच्या वाहण्याच्या बारीक खुणा पुसट होतात, आणि तपासणाऱ्याला नेमक्या त्याच हव्या असतात.